सवलतीचा अर्ज यादी लागल्यावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षेचे फॉर्म सुरू झाले आणि डिटेन्शनची, म्हणजे हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याची, यादी फलकावर लागली, की नागपुरातल्या बहुतेक कॉलेजांच्या कार्यालयासमोर तीच रांग दिसते. कुणाला डेंग्यू झालेला, कुणाचे वडील मेडिकलला भरती, कुणाच्या घरात मृत्यू. कारण खरे असते. कागद मात्र त्याच सकाळी करून आणलेला असतो. हजेरीतली सवलत अडते ती बहुधा इथेच.

आधी हिशेब पाहू. सत्रात ९० कामकाजाचे दिवस धरले, तर परीक्षेला बसण्यासाठीच्या ७५ टक्के अटीप्रमाणे ६८ दिवस हजेरी लागते. म्हणजे २२ दिवस बुडाले तरी चालते. तीन आठवड्यांच्या आजारात रविवार वगळून १८ दिवस जातात. खरी गोची होते ती जुलैत सहज मारलेल्या आठ-दहा दांड्यांची, आणि त्या कोणत्याही डॉक्टरच्या दाखल्यात बसत नाहीत. हजेरी विषयवार मोजली जात असेल तर ६० तासांच्या विषयाला ४५ तास हवेत. एकूण टक्केवारी बरी दिसते म्हणून गाफील राहिलेली मुले एखाद्या प्रॅक्टिकलमध्येच अडकतात.

‘तब्येत बरी नसल्यामुळे येऊ शकलो नाही, तरी माफी असावी’ या अर्जाचे कार्यालयात काहीच करता येत नाही. ‘४ ते २४ ऑगस्टदरम्यान टायफॉइडमुळे गैरहजर होतो, रसायनशास्त्राचे ११ तास आणि एक अंतर्गत चाचणी बुडाली, हजेरीतील तूट माफ करावी व चाचणीसाठी दुसरी तारीख द्यावी’ असे लिहिले, की प्राचार्यांना शेरा मारता येतो. हजेरीची मागणी प्राचार्यांकडे, चाचणी आणि सबमिशनची विभागप्रमुखांकडे. दोन वेगळे अर्ज केलेले बरे. विद्यापीठाचा लेखी पेपर हुकला तर एकट्यासाठी तो सहसा पुन्हा होत नाही. पुढच्या उन्हाळी किंवा हिवाळी परीक्षेला बसावे लागते. सरासरी गुण लावून द्या, ही विनंती करण्यात वेळ घालवू नये.

दाखल्यात काय खटकते? ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढेच असते, कधीपासून कधीपर्यंत ते नसते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसतो. औषधाच्या दुकानाची बिले भरपूर, पण ओपीडीची चिठ्ठी किंवा डिस्चार्ज कार्ड नाही. आईवडिलांचे आजारपण असेल तर कार्ड त्यांच्या नावाचे असते. नाते दिसावे म्हणून रेशनकार्डाची प्रत जोडावी. मृत्यूचा दाखला हाती यायला दिवस लागतात. तोवर घाटावरची पावती जोडून ‘दाखला नंतर सादर करतो’ असे लिहावे. तेरावे उरकेपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज भाऊ किंवा मित्रही नेऊन देऊ शकतो.

विदर्भात एका गोष्टीकडे विशेष लक्ष हवे, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आजार आहे, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना आणि खरे सांगायचे तर बऱ्याच प्राध्यापकांनाही माहीत नसते. नुसत्या वाहकांना, म्हणजे दोष अंगात असूनही आजार नसलेल्यांना, या कायद्याचा लाभ नाही. पण आजार असलेल्यांनी सत्राच्या आरंभीच यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत देऊन ठेवावी, म्हणजे वेदनेचा झटका येऊन आठवडा बुडाला तर दर वेळी पहिल्यापासून पटवत बसावे लागत नाही. लिहिण्यात शारीरिक अडचण असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे प्रमाणपत्र असेल तर लेखनिक मागता येतो आणि तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, जास्त मिळतो. ही मागणी परीक्षेच्या आदल्या दिवशी केली तर लेखनिक कुठून आणणार?

मन खचल्याचे कारण लिहायला मुले बिचकतात. मानसोपचार विभागाची ओपीडी चिठ्ठी हाही वैद्यकीय कागदच आहे, आणि अर्जात निदान फोडून सांगायची गरज नसते. उपचाराच्या तारखा पुरतात. बोलायला कुणी हवे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते.

अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. ‘सरांना सांगितले होते’ याला पुढे कुणी विचारत नाही. उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. आवक क्रमांक नसेल तर या दोन्ही ठिकाणी सांगण्यासारखे हाती काही उरत नाही.

कॉलेजांकडे आमची मागणी छोटी आहे. सवलतीच्या अर्जाचा एक पानी नमुना प्रवेशाच्या वेळीच माहितीपुस्तिकेत छापावा आणि हजेरीची विषयवार यादी सत्र संपताना नव्हे, दर महिन्याच्या पाच तारखेला फलकावर लावावी. भंडारा-गोंदियाहून रोज रेल्वेने येणाऱ्या मुलाला आपण किती तासांनी मागे आहोत हे सप्टेंबरमध्ये कळले, तर पुढचे तास भरून काढायला त्याच्या हाती दिवस असतात.

— महाविद्यालयीन परीक्षा विभागात काम करणारे काही जण,
नागपूर