आई, तुझ्या भिशीबद्दल विचारायचंय

भांडुप, मुंबई

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गणपतीच्या रजेचं अजून नक्की नाही, ते फोनवर सांगेन. आज लिहायला बसले ते भिशीसाठी. विचारायचंय आईला, पण बाबा, तुम्हीही वाचा. "पैसे असे लोकांच्या हातात कशाला?" असं तुम्ही तेव्हा म्हणायचात, आणि आता आमच्या बँकेतले साहेबही तेच म्हणणार आहेत.

आमच्या तळमजल्यावर जालन्याकडची एक वहिनी राहते. डबे करते. पहाटे मी पाणी भरायला उठते तेव्हा तिची परातभर कणीक मळून होत आलेली असते, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. मळायचं मशीन घ्यावं म्हणून ती एका ठिकाणी कर्ज मागायला गेली, तर सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, आकडा आला उणे एक. तिने कुणाचं बुडवलंय असं नाही, तिच्या नावावर कसलीच नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि हीच बाई गल्लीतल्या भिशीत वर्षानुवर्षं पैसे भरतेय. नवरा आजारी पडला त्या महिन्यात बांगडी गहाण टाकली, पण पाच तारीख चुकवली नाही. बाराही जणींना हे ठाऊक आहे. कर्ज देणाऱ्याला कळायचा मार्गच नाही. मला हे फार लागलं.

सॅन फ्रान्सिस्कोत मिशन ॲसेट फंड नावाची संस्था 2007 पासून नेमकं हेच दुखणं धरून बसली आहे. मेक्सिकोहून, फिलिपिन्सहून तिकडे गेलेल्यांच्याही भिश्या असतात, अगदी आपल्यासारख्याच: दरमहा सगळ्यांनी भरायचं, एकाने उचलायचं. पण परक्या देशात नावावर नोंद नसेल तर भाड्याचं घर मिळतानाही अडतं. होसे किन्योनेस या गृहस्थांनी (ते स्वतः लहानपणी मेक्सिकोतून आलेले) भिशीच कागदावर आणली. मंडळी एकत्र बसतात, रक्कम आणि क्रम ठरवतात, सह्या करतात. उचल म्हणजे बिनव्याजी कर्ज, आणि प्रत्येक हप्ता तिथल्या क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे तिकडच्या सिबिलसारख्या कंपन्यांना, कळवला जातो. 2014 मध्ये कॅलिफोर्नियाने अशा बिनव्याजी छोट्या कर्जांसाठी कायदाही केला.

आपल्याकडे चिट फंडांचा 1982 चा कायदा आहे, पण त्यात चिट चालवणाऱ्याला चिटच्या रकमेएवढं तारण आधी ठेवावं लागतं. गल्लीतल्या बाईने ते कुठून आणायचं? बाबा, तुम्हाला गिरणगावातल्या खानावळी आठवत असतील. त्या चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. परळला जमलं ते भांडुपला का जमू नये?

म्हणून मी बँकेत असं मांडणार आहे: भिशी बायकांचीच, क्रमही त्यांनीच ठरवायचा, बँकेने उचल प्रत्येकीच्या नावाने छोटं कर्ज म्हणून दाखवायची, म्हणजे हप्त्याची नोंद सिबिलकडे जाईल. पहिला नंबर उचलणारीला बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटचीची बचत होते, हे साहेबांना आकडे मांडून दाखवता येईल. त्याची मला काळजी नाही.

काळजी वेगळीच आहे. नोंद म्हटली की उशीरही लिहिला जातो. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी तुझ्या भिशीतल्या किती घरांत पगार बंद होता! तरी आई, तू भिशी मोडू दिली नाहीस. कुणाचा नंबर पुढे ओढलास, कुणाला दोन महिने थांबवलंस, आणि कुणाच्या दारात जाऊन बसलीस, हे मी लहान असताना नुसतं पाहिलंय. ही सोय बँकेच्या कागदात बसवली नाही, तर अडचणीतल्या बाईचंच नाव खराब होईल. असं मला मुळीच व्हायला नकोय.

तेव्हा मला सांग, पहिला नंबर कुणाला द्यायचा हे तू कशावरून ठरवायचीस? उचलून झाल्यावर कुणी भरायचं थांबवलं, तर आधी काय करायचीस? आणि नवीन बाई घेताना काय पाहायचीस? जमेल तसं बाबांकडून लिहून घे, नाहीतर रविवारी फोन करते तेव्हा सांग, मी वही घेऊन बसेन. बँकेची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे.

बाबा, गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
ताई