मोडीवाले सर, तुमच्यामुळे आजी वाचता आली

सर, नमस्कार.

फोटोवरून तरी तुम्ही माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहानच वाटता, पण आमच्या घरात शिकवणाऱ्याला अरे-तुरे चालत नाही, म्हणून सरच.

आजी गेली आणि वाईच्या घरातल्या ट्रंकेत तीन वह्या सापडल्या, तिन्ही मोडी लिपीत. आम्हाला कुणालाच वाचता येईना. एकांनी पानामागे असा काही रेट सांगितला की बाबा गप्पच बसले, दुसऱ्यांनी वह्या ठेवून घेतल्या आणि दोन महिन्यांनी तशाच परत दिल्या. मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही म्हणालात, फोटो पाठवा, बघतो. त्या "बघतो"चे चार महिने आणि १४० पानं झाली, रात्री साडेअकराला मेसेज यायचा, "ताई, हा फोटो हलला आहे, परत काढा."

पैसे घेतले नाहीत ते नाहीतच.

आजी १९३८ ची. शाळांमधून मोडी गेली तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असेल, पण वडील जमाखर्च लिहायचे, त्यांनी घरीच बोरू हातात देऊन गिरवून घेतली होती. पुढे छत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत, पाचवी ते सातवीला मराठी. १९६२ ला शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा नोकरीला दोनच वर्षं झाली होती, स्वतः "नांव", "कांही" असं अनुस्वार देऊन शिकलेली बाई, मुलांच्या वह्यांतले तेच अनुस्वार लाल पेनने खोडायला लागली! ऱ्हस्व-दीर्घाला तर माफी नव्हतीच. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा, पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे पाणी, हे आम्ही नातवंडांनी जेवताना घोकलंय. आणि मोडीत नेमका ऱ्हस्व-दीर्घाचाच भेद नाही हे तुमच्याकडून कळलं, तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासल्या आणि स्वतःचं खासगी लिहायला लिपी कुठली निवडली बघा.

आम्हाला वाटलं होतं डायरी असेल, नाहीतर पाककृती. निघाल्या पोरांच्या नोंदी. ७२ च्या दुष्काळात तिची नोकरी माण तालुक्यात होती, ते सगळं पहिल्या वहीत आहे. अमकी तीन दिवस आली नाही, आईबरोबर खडी फोडायला जाते. तमक्याचा डबा नाही, अर्धी भाकरी दिली, "मला भूक नाही" असे सांगून. कुणाची फी भरली, कुणाला चपला घेतल्या, रुपये-आण्यांसकट (आणे बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, ही अजून आण्यातच). शाळेत वही कुणाच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये, पोरांची चारचौघांत शोभा होऊ नये, म्हणून मोडी. हे तिने कुठे लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज, पण तुम्हीही तेच म्हणालात. आणि तुम्ही त्या पोरांची नावं लिप्यंतरात फक्त पहिल्या अक्षराने लिहिलीत, मी सांगितलंही नव्हतं. आई ते बघून रडली.

एक मेसेज मी जपून ठेवलाय. तिसऱ्या वहीत एक ओळ पुन्हा पुन्हा येते, "आज शिर दुखते". मोडीत शब्दही सुटे करत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, सगळं मागचं-पुढचं बघूनच लावायचं. इथे मागे-पुढे काहीच नव्हतं. तुम्ही सरळ "डोकं" धरून पुढे गेला असतात तरी आम्हाला कळलं नसतं. तुम्ही विचारलंत, "ताई, शिर की शीर?"

सर, शीर. आजी डोक्याला डोकंच म्हणायची. छत्तीस वर्षं उभं राहून शिकवलं, पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या, रात्री भिंतीला पाय लावून झोपायची आणि आम्हाला वाटायचं ही गंमतच करते. तिने तोंडाने कधी दुखतं म्हटलं नाही. वहीत सत्तावीस वेळा म्हटलंय, मी मोजलं.

कुरियरसाठी पत्ता पाठवा. आईने मेतकूट आणि लिंबाचं लोणचं भरून ठेवलंय, आणि आता नाही म्हणू नका.

आणि एक, रागावू नका, पान ११२ च्या लिप्यंतरात तुमच्याकडून "प्यायला पाणि" असं पडलंय. मी प्रिंट काढून त्याला लाल पेनने गोल केलाय.

तुमची,
बाईंची नात