मेस्त्रीमामा, चीर बुजवण्याआधी पाणी दाखवलंत म्हणून

खानापूर, दसऱ्यानंतरचा रविवार

मेस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

मी खानापूरची बाई. मे महिन्यात १९९८ ची पांढरी गाडी घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत तुमच्या शेडला आले होते. तीन दारांची आतली पॅनेलं तडकलेली, आणि पुढच्या डाव्या सीटवर आमचे आप्पा. गाडी घरी आली, पावसाळा सरला, तरी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तोंडावर काही म्हटलं असतं तर तुम्ही "त्यात काय हो बाई" म्हणून पुन्हा कामात डोकं घातलं असतंत. म्हणून लिहूनच काढते. आणि चारचौघांना वाचता यावं असं लिहिते, कारण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या अजून रोज रस्त्यावर आहेत. तुमचं सांगणं त्यांच्याही मालकांच्या कामाचं आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकीकडं म्हणाले, नवीन सेट टाका, आणि सेट तर कुठं मिळतच नव्हता. दुसरीकडं एका पोरानं पॅनेलच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून असा हिसका मारला की दोन क्लिपा हार्डबोर्डाचा तुकडा घेऊनच बाहेर आल्या. त्याच्याही आधी मी स्वतः क्षणात चिकटणारा गोंद चिरेत ओतून पाहिला होता. भोवती पांढरट डाग पडले आणि आठ दिवसांत जुन्या चिरेला लागूनच नवी चीर गेली. तो गोंद काचेसारखा कडक होतो, दार आपटलं की पॅनेल हलतं आणि गोंद हलत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा उमगलं.

तुम्ही पहिल्यांदा हत्याराला हातच लावला नाहीत. चारही दारं उघडून पाहिलीत, लावून पाहिलीत, काच खालीवर केलीत. मग पुढच्या डाव्या दाराशी उकिडवे बसलात आणि हात टेकायच्या आर्मरेस्टच्या स्क्रूपासून खाली गेलेल्या चिरेवरून अंगठा फिरवून विचारलंत, "ह्या बाजूला कोण वयस्कर माणूस बसतंय काय?"

आप्पा तेव्हा झाडाखाली बाकावर बसले होते, तुमचं लक्षही तिकडं नव्हतं. दोन वर्षांमागं त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून उतरताना ते दाराच्या आर्मरेस्टवर सगळा भार टाकून उठतात. मी रोज बघत होते, पण त्याचा चिरेशी संबंध लावला नव्हता. तुम्ही म्हणालात, "उन्हाची चीर वरनं येते, रेक्झिनला आधी जाळी पडते. ही स्क्रूपासनं सरळ खाली गेलीय. भार पडलाय हिच्यावर." जेमतेम तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणि त्यात दोन स्क्रू, त्यावर उभ्या माणसाचा भार कसा पेलणार? मामा, त्या दिवशी मला दाराच्या दुरुस्तीपेक्षा आप्पांच्या उठण्याची जास्त काळजी लागली. ते बोलून दाखवत नाहीत, त्या चिरेनं दाखवलं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार तर तुम्ही माझ्या रोजच्या रस्त्यावरूनच ओळखलंत. सकाळी खानापूरहून बेळगावला येताना गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन उजवीकडून. संध्याकाळी परत जाताना तोंड दक्षिणेला, म्हणजे मावळतीचं ऊन पुन्हा उजवीकडूनच. इतकी वर्षं एकाच दारावर दोन्ही वेळचं ऊन. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो, तो उन्हानं हळूहळू उडून जातो आणि रेक्झिन आखडून पापडासारखं होतं, हे तुम्ही सांगितलंत. उडून जातो कुठं, म्हणून मी विचारलं. तुम्ही समोरच्या काचेवर आतून बोट ओढलंत आणि बोटाला लागलेला तेलकट धुरकट थर दाखवलात. "हा बघा. ह्यातला बराचसा तुमच्या गाडीच्या प्लॅस्टिकातनंच आलाय." तो थर मी दर रविवारी पुसत होते, बाहेरची धूळ समजून. आणि त्याच फडक्यानं, चकाकी यावी म्हणून, दारांना रॉकेलचा हात फिरवत होते. त्यानं राहिलासाहिला मऊपणाही निघून जातो हे ऐकून मला वाईट वाटलं, पण तुम्ही रागावला नाहीत. साबणाचं कोमट पाणी, मऊ सुती फडकं, आणि लावायचंच असेल तर पाण्यात मिसळलेलं, उन्हापासून जपणारं पॉलिश. एवढंच सांगितलंत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते मागचं उजवं दार. त्याचं पॅनेल खालच्या कडेला फुगून पोळीसारखं पदर सुटलेलं होतं. तुम्ही ते उघडायला घेण्याआधी गाडी अर्धा तास उन्हात लावायला सांगितलीत. थंड रेक्झिन मोडतं, गरम झालं की वाकतं, म्हणून. मग काच फिरवायच्या हँडलमागं जुन्या धोतराची पट्टी घालून बूट पुसावा तशी दोन्हीकडं ओढलीत, आणि घोड्याच्या नालाच्या आकाराची बारीक क्लिप टपकन तुमच्या दुसऱ्या हाताच्या ओंजळीत पडली. आर्मरेस्टचे स्क्रू काढलेत. फडकं गुंडाळलेली रुंद पट्टी खालच्या कोपऱ्यातून आत सरकवून क्लिपेच्या अगदी शेजारी नेलीत आणि एकेक क्लिप सोडवलीत. कुठंही हिसका नाही. "मधनं ओढलं की बोर्ड फाटतो, क्लिप नाही," असं तुम्ही शिकाऊ पोराला कन्नडमधून सांगितलंत आणि मला मराठीतून. शेवटी पॅनेल वर उचलून काचेच्या फटीतून मोकळं केलंत.

मग तांब्याभर पाणी घेऊन बंद काचेवर बाहेरून ओतलंत. मी दाराच्या आत डोकावून बघत होते. काचेवरून पाणी तिच्या खालच्या कडेच्या रबरी पट्टीच्या, म्हणजे बीडिंगच्या मागं गेलं आणि आतल्या बाजूनं ओघळत खाली उतरलं. मला वाटलं, बीडिंग खराब आहे. तुम्ही म्हणालात, थोडी झिजलीय, पण नव्या गाडीतही पाणी दारात जातंच. जावं असंच दार केलेलं असतं. त्याला बाहेर पडायला खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात, आणि पाण्यानं हार्डबोर्ड भिजू नये म्हणून पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या दारात कागदच नव्हता. कधीतरी काच दुरुस्त करताना कुणीतरी फाडून टाकून दिला असावा. आणि भोकं खानापूरच्या तांबड्या मातीनं आणि सडक्या पानांनी गच्च भरली होती.

सायकलचा जुना स्पोक, टोक घासून बोथट केलेला. तो तुम्ही माझ्या हातात दिलात. "तुम्हीच करा की." मी खालून भोकात घालून फिरवला, आणि आधी चिखलाचा गोळा, मग तांबडं पाणी बदाबदा माझ्या चपलांवर आलं. इतकी वर्षं पावसाळ्यात त्या दारातून खळखळ आवाज यायचा, तो हाच. आमच्याकडं पाऊस काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. पुढं कणकुंबीकडं तर विचारायलाच नको, मलप्रभा उगम पावते तो भाग. त्या पावसाचं पाणी दारात साठत होतं आणि हार्डबोर्ड ते वातीसारखं वर ओढत होता. तो पॅनेल कितीही वेळा चिकटवला असता तरी पुढच्या जुलैत पुन्हा सुटला असता.

दुरुस्तीही तुम्ही झाकून केली नाहीत. फुगलेली कड कापून टाकलीत, उरलेला बोर्ड फळीखाली दाबून दोन दिवस सावलीत वाळवलात, तुटलेल्या जागी मागून पातळ प्लायवूडचा जोड दिलात, आणि सगळ्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात. "पाणी कडेनंच शिरतंय," म्हणालात. मग जाड प्लॅस्टिकचा कागद पत्र्यावर कडेकडेनं चिकटवून त्याचं खालचं टोक दाराच्या आत सोडलंत, म्हणजे चुकून आलेलं पाणी पुन्हा दारातच पडेल. रेक्झिन चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मगच दाबायचं, हेही तेव्हाच कळलं. मी घरी ओलं असतानाच दाबत होते.

आप्पांच्या बाजूचा आर्मरेस्ट उलटा करून तुम्ही मला त्यावरची अक्षरं वाचायला लावलीत. एबीएस. आणि मागच्या दाराच्या कप्प्यावर पीपी. दोन्ही प्लॅस्टिकच्या जातींची नावं. मी शाळेत मुलांना अक्षरं वाचायला शिकवते, आणि ही अक्षरं इतकी वर्षं माझ्याच गाडीत उलट्या बाजूला होती. एबीएसला दोन ट्यूबांतल्या गोंदाचं मिश्रण धरतं, पीपीला कुठलाच साधा गोंद नीट धरत नाही, त्याला त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून जोडावं लागतं. हे न वाचता चिकटवणाऱ्यांची दुरुस्ती का टिकत नाही ते तिथं समजलं. आर्मरेस्टमधली चीर जिथं संपते तिथं तुम्ही आधी बारीक भोक पाडलंत. चिरेच्या बारीक टोकाशी सगळा ताण एकवटतो, गोल भोक पाडलं की तो पांगतो आणि चीर पुढं धावत नाही. मग मागची बाजू खरखरीत पॉलिश पेपरनं घासून, स्पिरिटनं पुसून, फायबरच्या कापडाचे दोन थर मिश्रणात भिजवून लावलेत आणि चोवीस तास कुणाला हात लावू दिला नाहीत. हार्डबोर्डामागं पत्र्याची पट्टी घातलीत, म्हणजे स्क्रूंचा भार एका जागी राहणार नाही.

एवढ्यावर थांबला असतात तरी काम पूर्ण होतं. पण तुम्ही बाकावर आप्पांशेजारी जाऊन बसलात. त्यांना म्हणालात, "आप्पा, हे दार आता मोडणार नाही, पण तुम्ही पडाल. दार हलतंय, त्यावर भार टाकू नका." आणि दाराच्या वर छताला पकडायची मुठ बसवून दिलीत, छताच्या कापडाला नव्हे, आतल्या लोखंडाला बोल्ट मारून. आधी दोन्ही पाय बाहेर, मग डाव्या हातानं मूठ, मग उठायचं. तीनदा करून घेतलंत त्यांच्याकडून. एरवी ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकलं.

बिल सांगितलंत तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारलं, चुकून कमी सांगितलंत असं वाटून. वर चार जादा क्लिपा कागदात गुंडाळून दिल्यात. एक जरी क्लिप कमी असली की तेवढ्या जागी पॅनेल थरथरतं आणि तिथूनच पुढची चीर सुरू होते, म्हणून.

आता इकडची खबर. पूर्ण पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी स्पोक फिरवला, दोनदा पानं निघाली. पोळीसारखा फुगलेला तो बोर्ड आता हाताला कोरडा आणि सपाट लागतो. शाळेत मी गाडी उलटी लावते, म्हणजे दुपारचं ऊन डाव्या बाजूला पडतं. काच जड जात होती, तिच्या खोबणीतली माती ब्रशनं काढली आणि सिलिकॉनचा स्प्रे मारला, तेल नाही. आता हँडल एका बोटानं फिरतं. मुलांना दार लावताना आर्मरेस्ट न ओढता बाहेरून पत्र्याला धरून ढकलायला शिकवलंय. शेजारच्या काकांच्या गाडीचं पॅनेल मी आणि त्यांच्या मुलानं मिळून उघडलं, तुमच्यासारखंच धोतराची पट्टी घालून. क्लिप मात्र ओंजळीत आली नाही, अंगणात गेली, अर्धा तास शोधली.

आप्पा मूठ धरूनच उतरतात. काल बेळगावला खडे बाजारात गर्दीत उतरायचं होतं, मी पलीकडून धावत जाईपर्यंत ते उभे होते.

मागच्या उजव्या दाराची बीडिंग मिळाली आहे, मापाची वाटते, पण तुम्ही बघितल्याशिवाय बसवणार नाही. शनिवारी शाळा सकाळची आहे, दुपारी दोनपर्यंत येते. आप्पाही येणार म्हणतात. त्यांनी घरच्या झाडाचे काजू भाजून तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवले आहेत, ते नाही म्हणू नका.

तुमची,
खानापूरची बाई