शिमग्याच्या संध्याकाळी ड्यूटीवर असलेल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते असं चारचौघांत लिहिणं बरं वाटलं नाही. वेंगुर्ले तालुक्यातलं तुमचं प्राथमिक आरोग्य केंद्र, शिमग्याची संध्याकाळ, पिवळा फ्रॉक घातलेली आठ वर्षांची मुलगी आणि तिला कवेत घेऊन धावत आत आलेले तिचे बाबा, एवढ्यावरून तुम्ही ओळखालच. मी तिची आई. लेक ठणठणीत आहे, हे आधी सांगते.

त्या दिवशी तुम्हाला नीट काही सांगायलाही मला जमलं नव्हतं, म्हणून आता सगळं सांगते. शिमग्याला आम्ही पुण्याहून गावी आलो की ओल्या काजूची उसळ ठरलेली. परसातल्या झाडांचेच काजूगर, आत्येसासूबाईंनी सकाळपासून बसून सोललेले. जेवून उठल्यावर लेकीचे ओठ लाल झाले. काजूच्या चिकानं बोटं भाजतात, हे गावात सगळ्यांना माहीत. त्यामुळे चीक लागला असेल म्हणून खोबरेल लावलं. मग पोटावर, मांड्यांवर गांध्या उठल्या. पित्त उठलं म्हणून आत्येंनी आमसुलं भिजत घालून ते पाणी अंगाला चोळलं. घरातली सेट्रिझिनची गोळीही दिली. साध्या पित्ताला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात आणि त्यानं बरंही वाटतं. पण पोरीला उलटी झाली, खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. "आई, जीभ जाड झालीये," म्हणाली, तेव्हा आम्ही गाडी काढली.

तुमच्या दारात पोचलो तेव्हा ती मान टाकून होती. केसपेपर काढायला मी पर्स उघडली, तर तुम्ही हातानंच थांबवलंत. "काय खाल्ल्यान?" आणि लगेच, "वजन किती आसा तिचा?" बस, दोनच प्रश्न. बावीस किलो, म्हटलं. शिपायाला डॉक्टरांच्या क्वार्टरकडे पिटाळलंत आणि भिंतीलगतचा ट्रे ओढलात. ती काचेची कुपी बोटांत धरून तुम्ही खिडकीच्या उजेडात एकदा वाचलीत, मान मोडलीत, बारीक १ मिलीच्या सिरिंजमध्ये जेमतेम ०.२ मिली औषध ओढलंत. एवढ्याशा थेंबानं काय होणार, असं मनात आलं होतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सरळ आत. यांनी तिला वाऱ्याला न्यावं म्हणून उचलायला हात घातला, तर तुमचा आवाज चढला : "तिका उठवू नकात, आडवीच ऱ्हवांदेत." पायाखाली उशी सारलीत, ऑक्सिजन लावलात.

डॉक्टर आले, तोवर गालावर जरा रंग आला होता. छातीत अजून शिट्टी वाजत होती म्हणून पाचेक मिनिटांनी त्यांनी दुसरा डोस दिला. त्यानंतर ती थरथरायला लागली, काळीज धडधडतंय म्हणून रडायला लागली. मी घाबरले. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, औषधानंच होतंय गो बाय, थोड्या वेळानं थांबतला. आणि थांबलं.

त्या इंजेक्शनचं नाव ॲड्रेनॅलिन. पुण्याच्या ॲलर्जीतज्ज्ञांनी नंतर सगळं उलगडून सांगितलं. अशी जीवघेणी ॲलर्जी उसळली की शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनळ्या आवळतात, घसा सुजतो. हे सगळं एकदम उलटवणारं औषध हे एकच. ॲलर्जीची गोळी किंवा एविलचं इंजेक्शन गांध्या नि खाज कमी करतं, कोसळणारा रक्तदाब किंवा बंद होत चाललेला श्वास त्यानं सावरत नाही. ते तुम्हीही दिलंत, पण नंतर. आणि रक्तदाब पडलेला असताना माणसाला उभं केलं तर तेवढ्यानंही जीव जाऊ शकतो. तुमचा आवाज का चढला होता, ते मला तिथं त्यांच्या खुर्चीत बसून कळलं आणि अंगावर काटा आला.

हे पत्र जाहीर लिहितेय, कारण गांध्यांबरोबर उलटी, खोकला, आवाज बदलणं, धाप किंवा गळून जाणं असं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही, हे आणखी चार आयांना कळायला हवं.

सिस्टर, मला फार मनापासून आभार मानायचेत ते त्या ट्रेबद्दल. तुम्ही म्हणाला होतात, लसीकरणाला बसतो तेव्हा हे किट जवळ लागतंच. लशीची अशी रिॲक्शन क्वचितच येते, पण आली तर डोस शोधत बसायला वेळ नसतो. वयानुसार डोसचा तक्ता त्या झाकणाच्या आत चिकटवलेला मी पाहिला. सहा ते बारा वर्षं, ०.२ मिली. कुपी मुदतीतली होती, सिरिंज शेजारीच होती, हात लांबवला की मिळेल अशी. म्हणजे त्याआधी कितीतरी दिवस, कुणीही बघत नसताना, कुणीतरी तारखा तपासल्या, जुन्या कुप्या बदलल्या, रजिस्टरमध्ये सही केली. ते काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याची कुणी शाबासकी देत नाही. माझी मुलगी त्या कामावर जगली. त्या रजिस्टरात ज्यांच्या ज्यांच्या सह्या असतील, त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि १०८ आली तेव्हाचं. पोर हसायला लागली होती, घरचे म्हणत होते, आता कशाला ओरोसच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, पालखी दारात येईल. तुम्ही ठाम राहिलात, की काही तासांनी हे पुन्हा उसळू शकतं, रात्रभर नजरेखाली राहू दे. तुमच्याही वाडीत पालखी होती ना त्या दिवशी? बाहेर ढोल ऐकू येत होते आणि तुम्ही ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना दोन्ही डोसच्या वेळा लिहून देत होतात.

पुण्यात तपासण्या झाल्या. काजू आणि पिस्ता, दोन्ही वर्ज्य. हे दोघे एकाच कुळातले, म्हणून बहुधा जोडीनंच येतात म्हणे. आंबा आणि बिब्बाही त्याच कुळातला हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता, पण आंबा तिला चालतो. वेंगुर्ल्याच्या सुनेला याहून मोठा दिलासा काय असणार! परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी कुपी, सिरिंज आणि लिहून दिलेला कागद कायम जवळ ठेवायला सांगितलंय. एक संच शाळेत बाईंकडे असतो. लग्नाच्या जेवणावळीत पांढरी ग्रेव्ही दिसली की लेक स्वतःच वाढप्याला विचारते, "काका, यात काजू आहेत का?"

मे महिन्यात आम्ही गावी येतोय. आत्ये तर मागेच लागल्या आहेत. पोर सुट्टीभर त्यांच्याजवळ राहणार, तर ते इंजेक्शन मांडीवर नेमकं कुठे आणि कसं द्यायचं ते त्यांना तुमच्याकडूनच शिकायचंय. तुमची दुपारची ड्यूटी कधी असते, तेवढं कळवाल का?

तुमची ऋणी,
पिवळ्या फ्रॉकवालीची आई