आधी अहवाल, मग बोट

महोदय,

तान्हे बाळ झोपेत दगावले की पोलिसांत 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते, शवविच्छेदन होते, व्हिसेरा (शरीरातील अवयवांचे नमुने) राखून ठेवतात. आमच्या साखर पेठेत मात्र अहवालाची वाट बघतो कोण? 'आईनेच काही केले असणार' हा निकाल तिसऱ्या दिवसाच्या आतच लागतो.

ऑस्ट्रेलियातील कॅथलीन फोल्बिगला 2003 मध्ये स्वतःच्या चार मुलांच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले गेले. तिच्या डायरीतल्या ओळींचाच मोठा आधार होता. पुढे तिच्यात आणि तिच्या दोन्ही मुलींत हृदयाची लय बिघडवू शकणारा जनुकीय बदल सापडला. 20 वर्षे तुरुंगात काढल्यावर 2023 मध्ये ती निर्दोष ठरली. इंग्लंडमध्ये स्वतःच्या दोन बाळांच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेल्या सॅली क्लार्कच्या खटल्यात तर नामवंत बालरोगतज्ज्ञाने एक बाळ झोपेत अचानक दगावण्याची शक्यता 8543 मध्ये एक धरून, 8543 ला 8543 ने गुणून 'दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक' असे ठोकून दिले. भावंडांत आनुवंशिक कारण एकच असू शकते, हे गृहीतच धरले नाही. दुसऱ्या बाळाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला मिळाले नव्हते, ते वेगळेच. 2003 मध्ये ती सुटली, 2007 मध्ये वारली.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, हे चांगलेच. पण अशा प्रकरणांत जनुकीय चाचणीही व्हावी आणि 'मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही' असे लिहिताना डॉक्टरांवर दडपण नसावे.

— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर