पोटावर व्रण नाही, म्हणून थांबू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत आतड्याच्या अडथळ्यावर लेख आला. एवढा महत्त्वाचा विषय घेतलात याबद्दल आभार. पण त्यातल्या दोन गोष्टी वाचून स्वस्थ बसवेना. आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, असं लेखक म्हणतात. आणि खालच्या चौकटीत सल्ला आहे, पोट फुगून शी होत नसेल तर रात्री दोन चमचे एरंडेल घ्यावं.

एरंडेलाचं आधी. आतडं अडलेलं असताना रेचक पोटात गेलं की वरचं आतडं बंद वाटेवर आणखी जोर लावतं. कळा वाढतात, उलट्या वाढतात, ताणलेली जागा फुटू शकते. पोटात कळा, उलट्या, फुगारा आणि शी-वारा दोन्ही बंद, अशा माणसाला तोंडाने काहीही द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. चौकटी कात्रण करून घरात लावल्या जातात, हे आपल्याला माहीत आहे.

पहिलं विधान तर उलटंच आहे. जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर बहुधा आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, आणि त्यातले बरेच रुग्ण नाकातली नळी आणि सलाईन यांवर सुटतात. ताप नाही, नाडी वाढत नाही, पोट हात लावल्यावर दुखत नाही, तोवर 72 तासांपर्यंत वाट पाहता येते. नळीतून दिलेलं पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, 24 तासांत मोठ्या आतड्यात उतरलेलं एक्स-रेत दिसलं, तर बहुतेकदा ऑपरेशन टळतं. ही मुभा चिकटलेल्या आतड्यांसाठी आहे. ज्याच्या पोटावर व्रणच नाही त्याच्या आत काय अडलंय हे शोधल्याशिवाय वाट पाहत बसणं धोक्याचं. सगळ्यात जास्त फसगत होते ती ऑब्ट्युरेटर हर्नियात, म्हणजे ओटीपोटाच्या हाडातल्या भोकात आतडं अडकतं तेव्हा, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही.

रुग्ण बहुतेक वेळा सत्तरी ओलांडलेली, हाडकुळी, तीन-चार बाळंतपणं झालेली बाई. ओटीपोटाच्या हाडात दोन्ही बाजूंना पडद्याने झाकलेलं एक भोक असतं. त्यातून मांडीकडे जाणाऱ्या अरुंद वाटेला एरवी चरबीचा आधार असतो. अंग झडलं की चरबी जाते आणि आतडं तिथे शिरतं, उजवीकडे जास्त वेळा. वर स्नायूंचा थर असल्यामुळे जांघेत गाठ दिसत नाही. त्याच वाटेने एक शीर (मज्जातंतू) मांडीत जाते, ती दाबली गेली की मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ येते. मग आजीबाईंचा गुडघा शेकतात, तेल चोळतात, संधिवाताच्या गोळ्या देतात, आणि पोटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तपासणी साधी आहे. पाय सरळ करून बाहेर न्यावा आणि आतल्या बाजूला वळवावा. कळ वाढली आणि मांडी पोटाशी घेतल्यावर कमी झाली, तर पुढचं सगळं घाईने करावं. ही खूण प्रत्येकीत मिळत नाही, म्हणून नाही मिळाली तरी शंका सोडू नये.

इथे पुष्कळदा आतड्याच्या भिंतीचा एकच भाग अडकतो. त्यामुळे सुरुवातीला थोडा वारा सरतो, एनिमानंतर शीही होते, आणि ‘मोकळी झाली’ म्हणून बाईला घरी पाठवतात. अडकलेला भाग तोवर काळा पडत असतो. पोटाचा सीटी स्कॅन सांगताना जांघेखालपर्यंतचे काप मागावेत. स्कॅन वरच थांबला तर अडथळा दिसतो पण कारण दिसत नाही. तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजू नये, तुंबलेलं पाणीच पुरेसं काम करतं.

भूल देण्याआधी नाकातल्या नळीतून पाणी पुन्हा ओढून घेऊन जठर रिकामं करावं, नाहीतर तुंबलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि ऑपरेशन नीट होऊनही रुग्ण दगावतो. सलाईन आणि पोटॅशियम भरून, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्धा मिली लघवी होऊ लागली की टेबलावर घ्यावं. पण आतडं काळं पडत असल्याची शंका असेल तर आकड्यांसाठी रात्र घालवू नये. नाभीखाली मधोमध छेद घ्यावा. चपटं, रिकामं आतडं धरून मागे मागे गेलं की फुगलेलं आतडं सुरू होतं ती जागा सापडते. ते ओढून काढायचा मोह होतो. कुजलेली भिंत तिथेच फाटते आणि घाण पोटभर पसरते. बाहेरून मांडीवर हलका दाब द्यावा, आतून बोटाने कडा सैल करावी, तेवढ्याने नाही जमलं तर शीर आणि रक्तवाहिन्या सांभाळून पडद्याला छोटा छेद द्यावा. सुटलेलं आतडं कोमट सलाईनच्या मॉपमध्ये गुंडाळून दहा मिनिटं ठेवावं. गुलाबी झालं, हलू लागलं, तर परत आत. नाही झालं तर तो तुकडा काढून निरोगी टोकं जोडावीत. भोक टाक्यांनी बंद करावं. भोक झाकायची कृत्रिम जाळी फक्त पोट स्वच्छ असेल तरच. आणि दुसऱ्या बाजूचं भोक बोटाने तपासल्याशिवाय पोट शिवू नये.

बाकीची कारणंही आहेत. पित्ताशयातला दोन-अडीच सेंटिमीटरहून मोठा खडा भिंत झिजवून आतड्यात उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटी अडकतो. तो सरकत जातो तसं दुखणं येतं-जातं. यकृताच्या जागी एक्स-रेत हवा दिसली तर तिकडे बघावं. खड्याच्या किंचित वरच्या निरोगी भिंतीवर लांबीच्या दिशेने छेद, शिवताना मात्र आडवं, म्हणजे वाट अरुंद होत नाही. दुसरा खडा आहे का हे पाहायला सगळं आतडं हातातून काढावं. म्हाताऱ्या, थकलेल्या रुग्णाच्या पित्ताशयाला त्या दिवशी हात लावू नये. आपल्याकडे पोटात गोळा उठतो, गुरगुरतो आणि उतरतो, वजन घटत जातं, हे महिनोन्‌महिने चालू असेल तर आतड्याचा क्षय मनात धरावाच. त्यात काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात आणि मग जंतू वाढवून बघायची सोय उरत नाही. एक भाग साध्या सलाईनमध्ये वेगळा पाठवावा, औषधं दाद देतील की नाही हे त्यावरून कळतं.

जाता जाता, त्याच पानावरच्या दुसऱ्या बातमीबद्दल. मुलीच्या जठरातून केसांचा गोळा काढला, तर तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो आणि गावाचं नाव छापायची काय गरज होती? या आजारात जठर उघडून गोळा काढणं हा उपचाराचा एक भाग. केसांचं शेपूट तुटून पुढे आतड्यात राहिलंय का हे बघणं दुसरा. पण केस उपटून खाण्याची सवय टाके निघाल्यावरही तशीच असते, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे बरेच महिने जावं लागतं. गावभर ओळखली गेलेली मुलगी आणि तिचे आई-वडील तिकडे फिरकत नाहीत, आणि गोळा पुन्हा होऊ शकतो.

ते छायाचित्र आपल्या संकेतस्थळावरून आजच काढावं, आणि एरंडेलाच्या चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी, ही विनंती.

कळावे,
एक जनरल सर्जन, लातूर