तक्रार पत्र : चार थ्रेड म्हणजे चार कोअर नव्हेत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : खरेदीपूर्वी प्रोसेसरबद्दल दिलेला चुकीचा सल्ला आणि संगणक बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तीन आठवड्यांपूर्वी मी तुमच्याकडून एक डेस्कटॉप संगणक घेतला. पावती आणि खरेदीआधी तुमच्या प्रतिनिधीशी चॅटवर झालेलं बोलणं सोबत जोडलं आहे. ते बोलणं आधी वाचावं ही विनंती, कारण माझी तक्रार संगणक बिघडल्याची नाही. संगणक धडधाकट आहे. तो माझ्या कामाचा नाही, आणि हे विकण्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.

माझ्यापुढे तुमची दोन मॉडेल होती. ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी सगळं सारखं. एकात ४.२ गिगाहर्ट्झचा ड्युअल-कोअर प्रोसेसर, म्हणजे दोन कोअरचा, दुसऱ्यात ३.४ गिगाहर्ट्झचा क्वाड-कोअर, म्हणजे चार कोअरचा. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा स्वतंत्र भाग, थ्रेड म्हणजे त्याच्याकडे एका वेळी सोपवता येणारी कामाची रांग.) मी सरळ विचारलं होतं, की गेम खेळतो आणि त्याच खेळाचे व्हिडिओ एडिट करतो, तर कुठला घेऊ? उत्तर आलं : "पहिला घ्या सर. यातही चार थ्रेड आहेत, म्हणजे चार कोअरच धरा, वर स्पीड जास्त."

मी धरले. इथे चूक माझीही आहे. तपशीलाचं पान शेवटपर्यंत वाचलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

घरी टास्क मॅनेजर उघडला तर कोअर २, लॉजिकल प्रोसेसर, म्हणजेच थ्रेड, ४. तुमच्या प्रतिनिधीने ज्याला चार कोअर म्हटलं ते हायपर-थ्रेडिंग आहे, म्हणजे एकाच कोअरने दोन थ्रेड सांभाळणं. एकाच माणसाने दोन वह्या उघडून ठेवाव्यात, एकीत अडलं की दुसरीत लिहावं, तसा हा प्रकार. वेळ वाया जात नाही हे खरं, पण लिहिणारा हात एकच. हायपर-थ्रेडिंग अगदीच निरुपयोगी आहे असंही मी म्हणत नाही. २०१४ साली फार क्राय ४ हा गेम दोनच थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता, चार थ्रेडच्या ड्युअल-कोअरवर होत होता. पण सुरू होणं निराळं आणि नीट चालणं निराळं.

साधा हिशेब करू. दोन कोअर गुणिले ४.२ म्हणजे ८.४. हायपर-थ्रेडिंगचे उदार मनाने तीस टक्के धरले तरी ११ च्या आतच. चार कोअर गुणिले ३.४ म्हणजे १३.६. हिशेब ढोबळ आहे, मान्य. पण व्हिडिओ एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवणं (एन्कोडिंग), हे काम बरंचसं वाटून करता येणारं असतं, म्हणून तिथे तो लागू पडतो. माझ्या एका मित्राकडे तुमचंच दुसरं मॉडेल आहे. तोच प्रोजेक्ट, तेच सॉफ्टवेअर, त्याच सेटिंग्ज, एन्कोडिंग दोन्हीकडे प्रोसेसरवरच. माझ्याकडे ५० मिनिटं, त्याच्याकडे ३९. आणि त्या ५० मिनिटांत माझ्या संगणकावर दुसरं काही करायची सोय नाही, माउससुद्धा अडखळतो. नुसती कापाकापी करताना फरक जाणवत नाही. रंगदुरुस्तीचे दोन थर चढवले की प्रिव्ह्यू गचके खायला लागतो.

गेमचं दुखणं आणखी फसवं आहे. आकडा बघितला तर सेकंदाला सरासरी ६० फ्रेम मिळतात. पण ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. गेममध्ये भरबाजारात शिरलो, की मधलीच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंदांवर जाते आणि चित्र थबकतं. सरासरीत ते दिसत नाही, डोळ्यांना दिसतं. सोबत रेकॉर्डिंग चालू असलं तर विचारूच नका. जुने, एकाच कोअरवर भार टाकणारे गेम मात्र या संगणकावर छान पळतात. तेवढं श्रेय ४.२ ला द्यायला हवं.

तुमच्या तंत्रज्ञाने फोनवर आधी ग्राफिक्स कार्डावर ठपका ठेवला, मग रॅम वाढवा म्हणाला. गचके बसतात तेव्हा प्रोसेसर १०० टक्क्यांवर असतो, ग्राफिक्स कार्ड ५५ वर आणि रॅमपैकी ९ जीबी वापरात. ग्राफिक्स कार्डावरचा भार हलका व्हावा म्हणून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहिलं, तरी गचके तेवढेच. कार्ड कमी पडत असतं तर फरक पडला असता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोअर कशाला म्हणायचं यावरून याआधीही वाद झाले आहेत. आठ कोअरचे म्हणून विकलेल्या एफएक्स प्रोसेसरवरून अमेरिकेत ग्राहकांनी ते बनवणाऱ्या एएमडी कंपनीवर दावा लावला आणि २०१९ मध्ये तो १.२१ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. तुमच्या बाबतीत तर वादालाही जागा नाही. माझा प्रोसेसर बनवणारी कंपनी स्वतःच हे दोन कोअर म्हणून लिहिते.

मला परतावा नको. हा संगणक घेऊन क्वाड-कोअरचं मॉडेल द्यावं; किंमतीतला फरक मी भरेन. आणि संकेतस्थळावर "४ थ्रेड" ठळक अक्षरांत व कोअरची संख्या सर्वांत खाली असं जे छापलं आहे, ते बदलावं.

उत्तर लेखी हवं. संगणक बंद करून पुन्हा चालू करा हा सल्ला फोनवर तीनदा मिळाला आहे, तो चौथ्यांदा पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावती, चॅटची प्रत, टास्क मॅनेजरची चित्रं